उपशानंतरचं पाणी

नोकरी संपवून उत्तमराव गावी आले तेव्हा त्यांनी सोबत एक जुना गेज आणला. हातभर लांब, मनगटापेक्षा बारीक अशी पोलादी नळी. गुजरातेत तेलाच्या विहिरीत ती खोल उतरवली जायची आणि तिथला दाब क्षणाक्षणाला आपल्या पोटात नोंदवून ठेवायची. भंगारात निघाली होती. उत्तमरावांनी ती साहेबांकडून मागून घेतली आणि दोरीला बांधून शेतातल्या विहिरीत सोडली.

त्यांची बायको प्रयागबाई कळशी घेऊन काठावर उभी होती.

"काय करून राह्यले?"

"पाण्याचा दाब मोजतो."

"काहून? ताप आला का विहिरीले?"

उत्तमराव हसले. मग तिला समजावून सांगायला लागले. उभा जन्म त्यांनी हेच काम केलं होतं. विहिरीतून रोज किती तेल निघालं, किती वायू, किती पाणी, आणि तेवढ्यात दाब किती उतरला, या आकड्यांवरून जमिनीच्या पोटात काय आहे ते सांगायचं. साठा केवढा, खडक कसा, भिंत कुठे, भेग कुठे. विहीर चालू असताना दाब कसा उतरतो ते बघायचं, मग विहीर बंद करून तो कसा चढतो ते बघायचं. चढत्या दाबाची रेघ खोटं बोलत नाही, असं ते नव्या पोरांना सांगत. आणखी एक सांगत. जे हवं ते शोधायला बसलात तर आकड्यांत ते सापडतंच, म्हणून आधी काही हवं असू देऊ नका.

"मंग आपल्या विहिरीत काय हाय?" प्रयागबाईनं विचारलं.

"पाणी."

"हे सांगाले एवढं शिकले!" म्हणत ती पायऱ्या उतरायला लागली.

शेत मालेगाव-शिरपूर रस्त्याला लागून होतं. शेतातच घर. अंगणात बोअर होतं, पण त्याचं पाणी मचूळ. ते हौदात भरून आंघोळीला, धुण्याला वापरायचं. पिण्याला विहीरच. जुनी, अरुंद, तळापासून दगडात बांधलेली. भिंतीतून बाहेर काढलेले लांब दगड, त्याच पायऱ्या. मिरची, वांगी, मेथी प्रयागबाईनंच वर्षानुवर्षं पिकवली होती, मालेगावच्या बाजारात विकली होती. सोबतीला बटईनं, अर्ध्या वाट्यावर शेत करणारी रामीबाई. नवरा दिवाळीला यायचा आणि पाणी पालटलं म्हणून पोट धरून परत जायचा.

"जलमभर मले एकटीले ठेवलं," ती आता म्हणायची, "आता आले त आले. आता कोठं जाऊन दाखवा बरं."

उत्तमराव घरूनच थोडंफार काम करत. कोणीतरी कुठल्या तरी विहिरीचे आकडे पाठवायचं, ते लॅपटॉपवर रेघा काढत बसायचे. गॅसवर चहा ठेवला की विसरायचे. चहा फसफसून बर्नरवर सांडायचा आणि प्रयागबाई जिथं असेल तिथून येऊन गॅस बारीक करायची. "मुंडकं घातलं त्याच्यात की झालं," एवढंच म्हणायची.

चैत्रातल्या एका सकाळी चहा असाच उतू गेला आणि गॅस बारीक करायला कोणी आलं नाही. मग रामीबाईची किंकाळी ऐकू आली.

धरमसिंग शेजारच्या शेतात जेसीबी चालवत होता. तो धावत आला, विहिरीत उतरला आणि प्रयागबाईला वर काढलं. पायरीवरून पाय घसरला, डोकं दगडावर आपटलं. पंचनामा झाला, वाशिमला नेलं, परत आणलं, जाळलं.

माणसं आली. "सुटली बिचारी," म्हणून गेली. कशातून सुटली ते कोणी सांगितलं नाही. एक भाऊबंद उत्तमरावांचा हात हातात घेऊन रडला आणि जाताना विहिरीच्या अंगानं धुऱ्याची, शेताच्या हद्दीची खूण थोडी इकडं सरकवता येईल का, असं विचारून गेला. मुलगा अंकुर पुण्याहून आला, दिवस होईपर्यंत राहिला. तो आईसारखाच दिसायचा. उत्तमरावांना त्याच्याकडे बघवत नव्हतं.

दिवस व्हायच्या आधी रामीबाई म्हणाली, "भाऊजी, विहीर उपसा लागते. ज्या पान्यात मानूस गेलं ते पानी ठेवत नसतेत. तळ दिसला पाह्यजे, मंग नवं पानी येऊ द्याचं. नाई त जीव तेथंच राह्यते."

उत्तमरावांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण नाही म्हणायलाही जोर लागतो, आणि तो त्यांच्यात उरला नव्हता. उपसा करायचं ठरलं. मोटर सोडण्याआधी त्यांना गेजची आठवण झाली. त्यांनी दोरी ओढून तो वर घेतला, पुसला आणि बसल्या बसल्या लॅपटॉपला जोडला. नोंद त्यांना बघायची नव्हती. हात सवयीनं चालले, एवढंच.

त्या सकाळची रेघ समोर आली.

सपाट चाललेली रेघ एका जागी चटकन वर गेली होती. भरल्या बादलीत लोटा बुडवला की पाणी वर येतं, तसं. ती तिथं पडली होती. उत्तमरावांनी डोळे मिटले, मग उघडले. पुढं आणखी एक उडी होती. धरमसिंग उतरला ती. तो बाहेर निघाला तशी रेघ बरोबर तेवढीच खाली आली.

पण त्याच्या आधी, तिला दोरानं वर काढलं तेव्हा, रेघ खाली यायला हवी होती. ती आली नव्हती.

प्रयागबाई पडली आणि पाणी वर आलं. प्रयागबाईला काढलं आणि पाणी वरच राहिलं.

गेज बिघडला असेल असं त्यांना वाटलं. त्यांनी तो हौदात सोडला, शेजारी एक वीट बुडवली, वीट काढली. रेघ वर गेली, खाली आली. गेज चांगला होता.

ते कोणाला काही बोलले नाहीत. मोटर चालू झाली, पाणी मिरचीच्या सऱ्यांतून धावायला लागलं. उत्तमराव काठावर बसून राहिले. पाणी उतरत गेलं तशी एक एक हिरवट, बुळबुळीत पायरी उघडी पडत गेली. शेवटी मोटर हवा ओढायला लागली. तळाशी गाळ होता, एक तुटकी चप्पल होती आणि प्रयागबाईची कळशी होती. धरमसिंगनं ती वर काढून दिली. बाकी काही नव्हतं. उत्तमरावांनी वाकून वाकून पाहिलं.

"तळ दिसला बाई," रामीबाईनं हात जोडले. हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला.

उत्तमरावांनी गेज पुन्हा तळाशी सोडला.

विहीर भरली. त्यांनी नोंद काढली आणि स्वयंपाकघरात बसून रेघ बघायला लागले. हे काम ते झोपेतही करू शकले असते. विहीर खालून वर सारख्या रुंदीची, झरे एका चालीनं वाहणारे. मग पातळीही एका चालीनं चढायला हवी. मध्ये कुठे दगड असला तर तिथं पाण्याला जागा कमी पडते, पातळी तेवढ्यापुरती भरभर चढते. या वेगावरून दगड किती उंचीवर आहे, कुठे जाड आहे, कुठे बारीक, सगळं काढता येतं.

विहिरीत दगड नव्हता. तळ सगळ्यांनी पाहिला होता.

तरी तळापासूनच पातळी भरभर चढली होती. जराशी, पण चढली होती. उत्तमरावांनी उंचीनुसार जाडी काढली. पडद्यावर एक आकार आला. आडवा होता म्हणून त्यांनी लॅपटॉपच कुशीवर उभा केला.

खाली बारीक. वर जात जात जाड. मध्ये थोडं आत, मग पुन्हा बाहेर. त्यावर निमुळतं आणि शेवटी गोल.

किती उंच, ते त्यांनी मोजलं नाही. लग्नाच्या फोटोत ती त्यांच्या हनुवटीला लागत होती. ते उठले, भिंतीला टेकून उभे राहिले आणि आपल्या हनुवटीला हात लावला. मग मात्र मोजलं.

भर दुपारी ते विहिरीवर गेले. पाणी स्वच्छ होतं, वरून खालपर्यंत ऊन शिरलेलं. गेजची दोरी सरळ खाली गेलेली दिसत होती. कपारीतले पारवे मात्र कुठे गेले होते कोण जाणे. रामीबाई आली, कळशी बुडवली, भरून घेतली.

"गोड लागते आता पानी," ती म्हणाली. "आधीपक्षा बी गोड."

उत्तमरावांनी ते पाणी प्यायलं नाही. अंकुर पुण्याला परत गेल्यावर त्यांनी पुन्हा मोटर लावली.

दुसऱ्या उपशानंतर आकार होता, पण तळापासून सुरू होत नव्हता. खाली एका पायरीपर्यंत पाणी सरळ चढलं होतं. तिथून पुढं थोडा वेळ फक्त एका पायाइतकी जागा अडली होती. त्याच्या वरच्या पायरीपासून दोन पायांइतकी.

तेवढ्यावरून उत्तमरावांना कळलं. ती चढत होती.

त्या दिवशी बायको गेल्यापासून पहिल्यांदा ते पोटभर जेवले.

त्यानंतर शेतातली लाईट आली की मोटर चालू, असं झालं. विहीर रिकामी करायची, भरू द्यायची, रेघ काढायची. प्रत्येक उपशानंतर ती वर सरकलेली असायची. बिनउपशाची सरकत नसे. एकदा त्यांनी मुद्दाम वाट पाहून बघितलं होतं. तिला विहीर रिकामी होऊनच भरावी लागत होती. का, ते त्यांना माहीत नव्हतं. रामीबाईला कदाचित माहीत असतं, पण रामीबाई वेगळ्याच गोष्टीनं कावली होती.

"भाऊजी, मिरचीचे मुळं सडून राह्यले! एवढं पानी कायले सोडता? फुलं गळून गेले सारे. बाईनं लेकरावानी जपलं व्हतं थे वावर."

"लाईट आहे तोवर सोडू दे."

"मी इचारून राह्यली कायले? विहीर उपसून झाली. एकडाव उपसतेत. रोज रोज उपसाले काय लगन हाय तिचं?"

उत्तमराव पाईप पुढच्या सरीत सरकवायला लागले. रामीबाई तिथंच बांधावर बसली, वाळलेली मिरचीची फांदी हातात फिरवत. मग आवाज खाली आणून म्हणाली, "मले त्या विहिरीवर आता जावाशी वाटत नाई. पानी घेतो त कळशी जड लागते. मी काई बोलत नाई कोनाले. पन लागते."

तिनंच अंकुरला फोन केला असावा. जऊळक्याच्या स्टेशनावर गाडीतून उतरून तो ऑटोनं थेट शेतात आला. पाण्यानं रबरब झालेल्या मिरचीच्या कडेला उभा राहिला, बाप खांद्यावर पाईप घेऊन चाललेला पाहिला, आणि चपला हातात घेऊन चिखलातून आत आला.

"बाबा, झालं आता. विहीर बुजवून टाकू. धरमसिंगशी बोललोय मी, मुरूम टाकून घेईल. आणि तुम्ही माझ्यासोबत पुण्याला चला."

"नाही."

"इथं काय करणार आहात?"

उत्तमरावांनी त्याला स्वयंपाकघरात नेलं. लॅपटॉप उघडला, कुशीवर उभा केला. पहिली रेघ दाखवली, मग दुसरी, मग बाकीच्या. तोंडानं एवढंच म्हणाले, "तूच बघ."

अंकुरनं बघितलं. बराच वेळ बघितलं. आईसारखेच त्याचे ओठ बारीक झाले.

"बाबा, हवं ते शोधायला बसलं तर आकड्यांत ते सापडतंच. हे तुम्हीच सांगायचे ना?"

"मला काही नको होतं. ते आपणहून आलं."

"कोण?"

"तुझी आई आहे ती."

अंकुर उठला. दाराशी गेला, तिथून विहीर दिसत होती, तिच्याकडे बघत राहिला. विश्वास न ठेवणाऱ्या माणसाच्या मानानं तो फार वेळ बघत राहिला.

"समजा आहे," तो वळून म्हणाला. "म्हणूनच बुजवू म्हणतो मी."

"अरे, ती वर येते आहे!"

"येतेय ना? कशासाठी येतेय, ते विचारलं का तुम्ही?"

उत्तमरावांनी पडद्याकडे पाहिलं. एवढ्या रेघा काढल्या, पण हा प्रश्न त्यांना सुचला नव्हता. विहीर काय देते, किती देते, कुठून देते, हे ते जन्मभर विचारत आले होते. कशासाठी, हे कधी विचारायची वेळ आली नव्हती.

"तिच्या घरी येते आहे," ते शेवटी म्हणाले.

"आईला मी चांदणीघाटाच्या स्मशानात... बाबा, मी हातानं अग्नी दिला तिला. जे घरी यायचं होतं ते संपलं."

धरमसिंगला दोन दिवसांनी मोकळीक होती. तेवढ्या मुदतीवर उत्तमराव कबूल झाले. अंकुरला वाटलं, बाप वठणीवर आला. उत्तमराव हिशेब करत होते. शेवटच्या रेघेत तिचं डोकं पाण्याच्या वरच्या थराशी पोचलं होतं. एक उपसा बस होता.

त्यांनी तो केला. विहीर भरली. गेज वर काढताना दोरी त्यांच्या हातून दोनदा निसटली.

रेघ सरळ होती.

तळापासून वरपर्यंत सरळ, एका चालीची, पुस्तकात असते तशी. कुठे फुगवटा नाही, कुठे अडलेली जागा नाही. विहिरीत पाणी होतं. फक्त पाणी.

उत्तमरावांनी ती परत परत पाहिली. मग लॅपटॉप मिटला.

"पाहिलं?" अंकुर हळूच म्हणाला. त्यानं बापाच्या पाठीवर हात ठेवला. "गेली ती बाबा. जाऊ द्या."

उत्तमराव रडले. बायको गेल्यावर रडले नव्हते तेवढे रडले. आपण तिला वर काढलं नाही, उपसून उपसून सऱ्यांतून, मिरचीच्या सडक्या मुळांतून घालवून दिलं, असं त्यांना वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी धरमसिंगनं विहीर बुजवली. काठावरचे दगड आधी आत ढकलले, मग मुरूम. पहिला बकेट पडला तेव्हा पाणी वर उडालं आणि रामीबाईनं तोंडाला पदर लावला. दुपार कलेपर्यंत तिथं एक लाल गोल डाग तेवढा उरला. धरमसिंगनं त्याच्यावरून जेसीबी मागंपुढं फिरवला.

"दबली बरोबर," तो म्हणाला. "पावसात अजून बसन, तवा एक ट्राली टाकून देईन. काई ताण घेऊ नका, काका."

त्यानं आणि त्याच्या माणसांनी हौदावर हातपाय धुतले, अंगावर पाणी घेतलं. हौद तळाला गेला. अंकुर त्यांच्यासोबत मालेगावला गेला, दुसऱ्या दिवशीच्या गाडीचं बघायला आणि बापासाठी एक बॅग घ्यायला. रामीबाईही घरी गेली.

उत्तमराव एकटे उरले. त्यांनी उरलेलं पाणी काढून हौद खराट्यानं घासला, तळ कोरडा केला. रिकामं घर सोडून जाताना प्रयागबाईनं हौद घाण ठेवला नसता. मग बोअरची मोटर लावली आणि आत जाऊन चहा ठेवला.

हा हौद भरायला किती वेळ लागतो ते त्यांना पाठ होतं. प्रयागबाई मोटर लावून भाकरी थापायला बसायची. सगळ्यांच्या भाकरी होऊन तवा उतरला की हौद भरायचा. चहा होऊन, पिऊन, कप धुऊनही वेळ उरायचा.

चहाला अजून उकळी फुटत होती आणि बाहेर पाणी सांडल्याचा आवाज आला.

ते बाहेर आले. हौद काठोकाठ भरून वाहत होता. त्यांनी मोटर बंद केली.

पाणी हळूहळू स्थिर झालं. तळ दिसत होता, त्यांनी आत्ताच घासलेला. खराट्याचे ओरखडेसुद्धा दिसत होते. हौदात काही नव्हतं.

त्यांना हात घालून बघायचं होतं. इतके दिवस त्यांना दुसरं काही नको होतं. हात काठापर्यंत गेला आणि तिथंच राहिला.

आता कोठं जाऊन दाखवा बरं.

त्यांनी हात मागं घेतला.

हौदातलं पाणी हललं. तोटी बंद होती. पाणी खाली उतरलं, एकदम नाही, सावकाश, कोणी कडेला हात टेकवून उठावं तसं. मग थांबलं. सिमेंटच्या भिंतीवर वरच्या अंगाला एक ओला पट्टा उरला.

उत्तमरावांनी सवयीनं त्यावर बोटं ठेवली. तीन बोटं. हौदाची लांबी-रुंदी ठाऊक होती. गुणाकार डोक्यात आपोआप झाला. आकडा ओळखीचा होता, त्या सकाळच्या रेघेतल्या पहिल्या उडीचा.

हौदापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंतची फरशी कोरडी होती.

आत चहा उतू गेला. फसफसून बर्नरवर सांडत असल्याचा आवाज येत होता. उत्तमराव जागचे हलले नाहीत.

मग तो आवाज हळूहळू बारीक झाला.